गंज विरुद्ध काचेचा पंखा

आमच्या दादानं आयुष्यात कुणाचं म्हणणं पहिल्या फटक्यात मान्य केलं असं कुणी मला दाखवून द्यावं, मी माझं ड्रायव्हिंग स्कूल बंद करून भाजी विकायला बसेन. 'आज ऊन आहे' म्हटलं की 'कुठे? पलीकडच्या गल्लीत बघ जरा' म्हणणारा माणूस. लग्न ठरवायला वहिनीच्या घरी गेला, तर तिच्या वडिलांशी भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे की मागे यावरून वाद घालून बसला, आणि वाद जिंकून वर मुलगीही घेऊन आला. वहिनी अजून म्हणते, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

दादाचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. आणि ज्या रॉक बँडवर त्याचा जीव जडलाय त्याचं नाव 'लोखंडी जिना'. यावर करता येण्यासारखे सगळे विनोद आमच्या घरात करून झालेत, तेव्हा तुम्ही त्या भानगडीत पडू नका.

जिन्यानं उणेपुरे चार अल्बम काढले आणि बँड मोडला. पहिला 'गंज', कुणाच्या तरी गॅरेजमध्ये उसन्या माइकवर रेकॉर्ड केलेला. त्यात ड्रमवाला एका गाण्यात भलत्याच ठिकाणी घुसतो आणि गायक एकदा चक्क खोकतो. दुसरा 'उघडी वायर', तिसरा 'परतीचं तिकीट'. मग गिटारवाला भांडून निघून गेला, त्याच्या जागी एक कीबोर्डवाली आली आणि चौथा निघाला, 'काचेचा पंखा'. दादाच्या मते 'गंज' हाच काय तो जिना, पुढची सगळी रंगरंगोटी. आणि 'काचेचा पंखा' म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या नावानं आलेलं विजेचं बिल.

मला हे वेड दादानंच लावलं. मी शाळेत होते, त्याच्याकडे एकच हेडफोन, त्यातला एक कान त्याचा आणि एक माझा. गाणं संपलं की तो विचारायचा, "कसं वाटलं, बारके?" मी 'छान' म्हटलं की हेडफोन काढून घ्यायचा. छान काय छान, का ते सांग. का ते सांगता आलं नाही तर पुढचं गाणं नाही. म्हणजे बघा, माझ्या तोंडाला जी धार आहे ती कुणी लावली.

असेच आणखी तीन वेडे आम्हाला गावात भेटले. एक दातांचा डॉक्टर, आम्ही त्याला दातवाला म्हणतो. एक बेकरीवाला. आणि एक लायब्ररीवाली, जी दिवसभर लोकांना 'शू' करते आणि रविवारी आमच्यात येऊन घसा बसेपर्यंत बोलते. बँड ज्या तारखेला मोडला तिच्या जवळच्या रविवारी आम्ही पाचजण बेकरीच्या माळ्यावर मैद्याच्या पोत्यांवर बसतो आणि 'निकाल' लावतो. म्हणजे जिन्याचा सगळ्यात चांगला अल्बम कोणता, ते ठरवतो. दर वर्षी, नव्यानं. वहिनी विचारते, "अहो, त्यांनी नवीन काही काढलंय का? मग निकाल बदलणार कसा?" तिला नाही कळायचं ते.

निकालाचे नियम दादाचे. हात वर करायचा नाही, चिठ्ठी टाकायची नाही. तोंडानं अल्बमचं नाव घ्यायचं आणि का ते सांगायचं. जो बोलणार नाही त्याचं मत धरायचं नाही. दुसरा नियम, बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही आणि शब्द पुरवायचा नाही. हा नियम खास दातवाल्यासाठी केलेला. त्याच्या पेशंटांची तोंडं कायम उघडी असतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचं आपणच बोलायची त्याला सवय. कुणी जरा अडखळलं की हा वाक्य पूर्ण करून मोकळा.

तर असा मागचा निकाल भांडून-तंडून पार पडला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, दाढी करता करता, दादाला स्ट्रोक आला. उजवी बाजू लुळी पडली. पाय हळूहळू सावरला, हात निम्मा सावरला. वाचा मात्र गेली. सगळीच्या सगळी गेली असती तरी एक वेळ समजलं असतं. एक शब्द राहिला. "बरोबर."

हो, जगातले एवढे शब्द सोडून नेमका तोच. दादा, पाणी हवंय? "बरोबर." दुखतंय का? "बरोबर." दादा, तू गाढव आहेस का, असं मी एकदा रडकुंडीला येऊन विचारलं. "बरोबर," तो म्हणाला, आणि डोळ्यांत असा संताप की मी दोन पावलं मागे सरकले. आत दादा शाबूत होता. फक्त कुठलंही बटण दाबा, लिफ्ट जाऊन त्याच एका मजल्यावर थांबत होती.

हॉस्पिटलात बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, तरुण, शांत. आम्ही त्यांना स्पीचवाल्या मॅडम म्हणायचो. त्या म्हणाल्या, "त्यांना सगळं कळतंय. हवा तो शब्द सापडत नाही, आणि तो सापडेपर्यंत हा एकच तोंडात येतो. त्यामुळे 'बरोबर' म्हणाले म्हणजे होकार दिला असं धरू नका." आम्ही माना डोलावल्या आणि घरी येऊन नेमकं तेच धरलं. दुसरं धरायचं तरी काय?

घरी आल्यावर वहिनीनं 'गंज' लावला, आणि दादा गायला. अख्खं कडवं, एक शब्द न चुकता. वहिनी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली, मी नाचायचीच बाकी होते. मॅडमनी आमच्या आनंदावर हळूच पाणी ओतलं. गाणं मेंदूच्या वेगळ्या वाटेनं येतं म्हणे. चांगलं आहे, गाऊ दे त्यांना, पण त्यानं बोलणं येत नाही. बोलणं बोलूनच येतं.

मग ते तिघं भेटायला आले. फळं घेऊन, धुतलेले कपडे घालून, आवाज खाली ठेवून. दातवाला पलंगाशी बसला आणि लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाला, "दादा, आम्ही ठरवलंय. पुढचा निकाल आत्ताच लावून टाकलाय. 'गंज', एकमतानं."

"'गंज'ला तोड नाही," बेकरीवाला म्हणाला. हाच गृहस्थ इतकी वर्षं 'उघडी वायर'साठी पोती बडवत आला होता.

लायब्ररीवाली तर 'काचेचा पंखा'वाली. त्यापायी तिनं दादाच्या किती शिव्या खाल्ल्यात. तीही खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी पण 'गंज'."

"बरोबर," दादा म्हणाला.

तिघांचे चेहरे उजळले. माझं लक्ष दादाकडे होतं. त्यानं एकेकाकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून पडला. त्या लोकांच्या मनात वाईट नव्हतं हो, जीव होता म्हणूनच आले होते. पण आयुष्यभर ज्याच्याशी सगळे कडाकडा भांडले, त्याच्याशी आता कुणी भांडायलाही तयार नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. आपण संपलो, असाच त्यानं त्याचा अर्थ लावला.

तेव्हापासून दादानं तोंड मिटलं. 'बरोबर'सुद्धा म्हणेना. हेडफोन पुढे केला तर बाजूला सारायचा. मॅडम कंगव्याचं, चमच्याचं, छत्रीचं चित्र दाखवायच्या, तर एक दिवस त्यानं डाव्या हातानं सगळी चित्रं टेबलावरून लोटून दिली. मॅडम वहिनीला आणि मला बाहेर घेऊन गेल्या. म्हणाल्या, "सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. त्यांनी प्रयत्नच सोडला तर जे येण्यासारखं आहे तेही येणार नाही. आजाराच्या आधी दिवसभर कशावर बोलायचे ते?"

"भांडायचे," वहिनी आणि मी एकदमच म्हणालो.

मॅडम हसल्या. मी हसले नाही. माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं.

मॅडमची शिकवणी झाली की हॉस्पिटलातून त्याला घरी न्यायचं काम माझं. माझी गाडी म्हणजे शिकवायची गाडी, टपावर पाटी लावलेली. आणि तिला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक आहे, नाहीतर माझ्यासारखी बाई या धंद्यात जिवंत राहिली नसती. मागच्या सीटवर चढायला दादाला जमायचं नाही, म्हणून तो माझ्या नेहमीच्या जागी, म्हणजे त्या दुसऱ्या ब्रेकपाशी बसायचा. गोदामांच्या मागे एक लांबलचक सुनसान रस्ता आहे, नवशिक्यांना मी तिथेच नेते. त्या दिवशी गाडी तिकडे वळवली आणि 'काचेचा पंखा' लावला.

दादानं बंद करायला हात पुढे केला. मी त्याच्या हातावर फटका मारला.

"ऐक," मी म्हटलं. "मी बराच विचार केलाय. जिन्याचा सगळ्यात चांगला अल्बम हाच."

"बरोबर," दादा दात आवळून म्हणाला. कित्येक दिवसांनी त्याचा आवाज ऐकला मी.

"बरोबर ना? मला वाटलंच तू मान्य करशील. नाहीतर तुझा तो 'गंज'. पोरांनी डबे बडवलेत नुसते. ड्रमवाल्याला धड मोजता येत नाही आणि गायकाला खोकल्याचं औषध मिळालं नाही."

गाडी जागच्या जागी थांबली. मी स्टिअरिंगवर आदळता आदळता वाचले. दादाचा डावा पाय त्या दुसऱ्या ब्रेकवर होता, आणि असा रोवला होता की गाडी ढकलूनही हलली नसती. मागून एक टेम्पो आला, आम्हाला वळसा घालताना ड्रायव्हर ओरडला, "बाई, नवीन शिकाऊ का?"

"नाही, जुना मास्तर आहे," मी म्हटलं.

दादाचं तिकडे लक्ष नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता. "बरोबर," तो म्हणाला, आणि मान जोरजोरात नाही नाही करत हलवली. "बरोबर. बरो... ब..." त्यानं डॅशबोर्डवर मूठ आपटली. कपाळावरची शीर फुगली होती. शब्द माझ्या जिभेवर होता, अगदी टोकावर. देऊन टाकावा आणि त्याची सुटका करावी असं आतून वाटत होतं. पण नियम त्याचाच होता, शब्द पुरवायचा नाही. मी ओठ दाताखाली धरून बसले.

"चू," दादा म्हणाला.

मी गाणं बंद केलं.

"चू... चूक."

मग त्यानं तो शब्द पुन्हा म्हणून बघितला, हरवलेली किल्ली सापडल्यावर कुलपात फिरवून बघतात तसा. चूक. चूक. घरी पोचेपर्यंत सगळं चूक होतं. माझं वळण चूक, सिग्नल चूक, टेम्पोवाला चूक, 'काचेचा पंखा' तर हजार वेळा चूक. मी एका हातानं डोळे पुशीत गाडी चालवत होते आणि तेही चूकच होतं.

घरी वहिनीला वाटलं मी पेढे घेऊन आलेय की काय, असा माझा चेहरा. मी सगळं सांगितलं. तिचा चेहरा मात्र उतरला. ती रागावली की मला 'वन्सं' म्हणते, आणि अहो-जाहो करते. "वन्सं, तुम्हाला अक्कल आहे का? डॉक्टर सांगून सांगून थकले, त्यांचं बीपी वाढू द्यायचं नाही. आणि तुम्ही मुद्दाम त्यांना पेटवताय. उद्या काही झालं तर तो जिना येणार आहे का खांदा द्यायला?"

"आणि असा मुका ठेवलास तर काय मोठा जगणार आहे तो?" मी म्हटलं.

असं बोलायला नको होतं. वहिनीनं दार उघडून धरलं. मी निघाले. चूक तिचीही नव्हती. घास भरवायचा, अंघोळ घालायची, घाबरून त्याचा झोपेतला श्वास ऐकत राहायचं, ते तीच करत होती. मी फक्त गाडीतून आणायची आणि भांडण लावून जायची. तरी मनात माझं म्हणणं कायम होतं, दादाचीच बहीण मी. त्या आठवड्यात माझ्या शिकाऊंनी माझ्या खूप शिव्या खाल्ल्या.

मग एका सकाळी फोन आला. पलीकडे नुसतं मुसमुसणं. "वहिनी, काय झालं? दादा कसाय?"

"चहा दिला त्यांना," वहिनी म्हणाली. "एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, साखर नको."

"काय?"

"साखर नको म्हणाले. दोन शब्द, एकापुढे एक. अगं, ते कधीच साखर घेत नाहीत. आजारपणात ताकद यावी म्हणून एकदा मीच विचारलं, घालू का साखर, तर म्हणाले बरोबर. तेव्हापासून रोज दोन चमचे घालतेय. इतके महिने गोड चहा गिळत बसले बिचारे." ती रडता रडता हसायला लागली, आणि मग नाक ओढून म्हणाली, "ये उद्यापासून. पण भांडायचं ते माझ्यासमोर. मी बीपी मोजणार."

असा आमचा फड सुरू झाला. मॅडमना सांगितलं तर त्यांनी चित्रं गुंडाळून ठेवली आणि चारही अल्बमची कव्हरं मागवून घेतली. दादा पलंगावर, मी खुर्चीत, मध्ये वहिनी बीपीचं मशीन घेऊन पंचासारखी. मी 'पंख्या'ची बाजू मांडायची, त्यानं ती फोडायची. सुरुवातीला नुसतं 'चूक'. मग 'चूक, कारण', आणि कारणापुढे काहीच नाही, नुसता घाम. मग एक दिवस 'कीबोर्ड नको'. मग 'गिटार कुठाय'. कधी दिवसभरात एक शब्द निघायचा नाही, कधी जुना 'बरोबर' पुन्हा येऊन बसायचा आणि तो उशी फेकायचा. पट्टा दंडाला घट्ट झाला की वहिनी म्हणायची, "आता पुरे, दोघंही पाणी प्या." गंमत म्हणजे बीपी वाढलं नाही. वाढायचं ते माझंच.

आणि एक भानगड झाली. दादाशी नुसतं चिडवायला भांडून भागेना. तो लगेच ओळखायचा, बोट दाखवून म्हणायचा, "खोटं." मग मला 'काचेचा पंखा' खरोखर ऐकणं भाग पडलं. गाडीत, एकटी असताना, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि तो मला आवडायला लागला. मी, जी दादाच्या मांडीला मांडी लावून या 'पंख्या'ला नावं ठेवत मोठी झाले, ती गोदामाच्या रस्त्यावर गाडी थांबवून तिसरं गाणं परत परत लावत होते. काय सापडलं ते मी दादाला सांगितलं नाही. निकालासाठी राखून ठेवलं.

निकालाचा रविवार आला. बेकरीच्या माळ्यावर जायचा जिना लाकडी आहे, उगाच मनात काही आणू नका. दादा एकेक पायरी घेत चढला, डाव्या हातानं कठडा धरून, मी मागे. वहिनी खाली दुकानात थांबली, मशीन पिशवीत घेऊन. वर ताज्या पावाचा वास, पोती मांडलेली, आणि तिघं असे ताठ बसलेले की जणू दात काढून घ्यायला आलेत, त्यात दातवालासुद्धा.

बेकरीवाल्यानं चार कव्हरं एका पोत्यावर ओळीनं ठेवली होती. घसा खाकरून म्हणाला, "दादा, आम्ही विचार केला, यंदा नियम जरा सैल करू. तुम्ही नुसतं बोट दाखवा. आम्ही मत धरू."

"चूक," दादा म्हणाला.

ते तिघं त्याच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच ऐकत होते. बेकरीवाल्यानं मुकाट्यानं कव्हरं उचलली.

दादानं माझ्याकडे बोट केलं. म्हणजे आधी मी. मी उभी राहिले आणि म्हटलं, "'काचेचा पंखा'. कारण त्यातलं तिसरं गाणं. गिटारवाला गेला म्हणून कीबोर्डवाली आणली, सगळे म्हणतात तिनं त्याची जागा बळकावली. नीट ऐका. जिथे तो आपला तुकडा वाजवायचा, तिथे ती वाजवतच नाही. हात काढून घेते. नुसते ड्रम चालू राहतात. त्याची जागा त्यांनी मोकळी ठेवलीय, तो आला तर बसायला. मला याहून मोठं काही माहीत नाही."

दादा माझ्याकडे टक लावून बघत होता. हे त्यानं ऐकलेलं नव्हतं, आणि खोटं नाही हे त्याला कळलं होतं. मग तो उठायला लागला. दातवाला मदतीला सरसावला, लायब्ररीवालीनं त्याच्या शर्टाचं टोक धरून खाली बसवलं. दादा पोत्याला टेकून उभा राहिला.

"'गंज'," तो म्हणाला.

खाली कुणीतरी पाव मागत होतं, तेवढाच आवाज.

"कारण..."

कारणापाशी तो थांबला. आम्ही थांबलो. दातवाल्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. बेकरीवाला जमिनीकडे बघत होता. मी मनात म्हणत होते, ये, ये, बाहेर ये.

"'पंखा'... चांगला... वाजवलाय," दादा म्हणाला. "मान्य." त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. "पण 'गंज'... ड्रमवाला... चुकतो. गायक... खो... खोकतो. सगळे... चुकतात." त्यानं श्वास घेतला. डावी मूठ घट्ट मिटली. "तरी... थांबत नाहीत. चुकत... चुकत... शेवटपर्यंत... जातात. पुसत नाहीत. तेच... ठेवलंय. म्हणून 'गंज'."

आणि तो खाली बसला. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. मला रडू आवरत नव्हतं आणि आवरायचंही नव्हतं. इतकी वर्षं तो 'गंज'ची बाजू मांडत होता, पण इतकी चांगली त्यानं कधीच मांडली नव्हती.

बेकरीवाल्यानं टोपी काढली. "दादा, मागे मी 'गंज' म्हणालो ते तुमच्याकडे बघून. आज म्हणतोय ते ऐकून. 'उघडी वायर'ला सोडायला जिवावर येतंय, पण 'गंज'. कारण तुम्ही सांगितलं तेच, माझ्याकडे त्याहून बरं नाही."

लायब्ररीवालीनं चष्मा पुसला. "'काचेचा पंखा'. दर वर्षी तेच म्हणत आलेय. मधे एकदा पलंगाशी बसून खोटं बोलले, दादा, माफ करा. ती मोकळी जागा मला एवढी वर्षं ऐकू येत होती, सांगता येत नव्हती. बारकीनं सांगितली."

दोन आणि दोन. राहिला दातवाला. आता त्याची पंचाईत झाली. त्याचं 'परतीचं तिकीट' दर वर्षीचं, पण आज त्यानं मत कुणाला दिलं त्यावर सगळं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग दादाच्या हाताकडे, पायाकडे, चेहऱ्याकडे. त्याच्या मनात काय चाललंय हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"माझ्याकडे..." दादा म्हणाला, "बघू नको."

दातवाल्यानं मान खाली घातली. बराच वेळ बोलला नाही, त्याच्या मानानं तर युगच झालं. मग म्हणाला, "मी आयुष्यभर लोकांच्या मोकळ्या जागा भरत आलोय, तोंडातल्याही आणि बोलण्यातल्याही. आज पहिल्यांदा हात दाबून बसलो आणि दादांचं बोलणं पुरतं ऐकलं. रिकामी जागा तशीच ठेवणं किती अवघड असतं, ते मला आज कळलंय. माझं मत 'काचेचा पंखा'ला."

तीन विरुद्ध दोन. दादा हरला होता. 'काचेचा पंखा' जिंकला, जिन्याच्या आमच्या इतिहासात पहिल्यांदा.

दादानं एकेकाकडे बघितलं, तसंच, जसं त्या दिवशी पलंगावरून बघितलं होतं. मला वाटलं आता तो भिंतीकडे वळणार. पण त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. त्या आजारानं तोंडाची एक बाजू वर जात नाही, दुसरी तिची भरपाई करत होती.

"चूक," तो म्हणाला. "तिघंही. चूक." मग बोट नाचवत, शब्द शोधत, सापडेपर्यंत आम्हाला सगळ्यांना ताटकळत ठेवत, "पुढच्या वर्षी... बघतो... एकेकाला."

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. बेकरीवाला खाली जाऊन गरम पावांचा अख्खा ट्रे घेऊन आला, दातवाला मनमोकळा बोलत सुटला, लायब्ररीवालीनं 'काचेचा पंखा' मोठ्यांदा लावला आणि दादा ओरडला, "बंद कर." आवाज ऐकून वहिनी धापा टाकत जिना चढून आली. आमचे रडके, मैदा लागलेले चेहरे बघून तिनं आधी दादाच्या दंडाला पट्टा बांधला आणि मग विचारलं, "झालं काय? लागला निकाल?"

"'पंखा'," मी म्हटलं. "दादा हरला. आणि पुढच्या वर्षी बघून घेतो म्हणाला."

वहिनीचा हात मशीनवर थांबला. पुढच्या वर्षाचं नाव या घरात कुणी इतके महिने काढलं नव्हतं. तिनं डोळे टिपले, पदर सारखा केला आणि कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभी राहिली.

"म्हणजे अहो, तुम्ही हरलात."

दादाकडे आता पुष्कळ शब्द होते. 'चूक' होता, 'खोटं' होता, 'नाही' तर कधीचा आला होता. त्यानं चांगला वेळ घेतला, आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि वहिनीच्या डोळ्यांत बघत, एकही अक्षर न अडखळता, म्हणाला, "बरोबर."

लग्नानंतर त्यानं तिच्यापुढे हार मानल्याची ही पहिलीच वेळ. वहिनीनं आम्हा चौघांना साक्षीदार धरलंय.